सासूबाई म्हणाल्या, उसवा

माझ्या सासूबाई मला ‘जावईबापू’ म्हणतात आणि अहो-जाहो करतात. लग्नाला १९ वर्षं झाली, त्या आमच्याकडे राहायला येऊनही आता सहा वर्षं होतील, पण त्यांच्या तोंडून माझ्यासाठी ‘तू’ कधी चुकूनही निसटला नाही. आवाजही चढत नाही. त्यामुळे आजवर मी त्यांची जी काही बोलणी खाल्ली, ती सगळी आदरार्थी बहुवचनात. ‘हे काय गाठोडं केलंत, जावईबापू?’ ऐकायला किती सभ्य! आणि त्यामागून येणारा एकच शब्द, तोही तितकाच सभ्य. ‘उसवा.’

मी विणतो, हे एकदाचं सांगून टाकतो. स्वेटर, मोजे, कानटोप्या. व्यवसायानं लेखापरीक्षक आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर माझं घर चालतं. सुया हातात आल्या त्या सिगारेटमुळे. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझा एक्स-रे दिव्यासमोर धरला, बोलले काहीच नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून सोडली. छाती महिन्याभरात शांत झाली, बोटं काही होईनात. दिवसाला ११ सिगारेटी ओढणाऱ्या माणसाची बोटं दिवसातून ११ वेळा रिकामी होतात आणि दर वेळी त्यांना काहीतरी हवं असतं. मी पेनांची टोपणं चावून झाली. कागदाला लावायच्या क्लिपा एकीत एक अडकवून साखळी केली, ती टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचली. जिना चढताना पायऱ्या मोजायची सवय लागली, ती अजून गेलेली नाही.

एका रविवारी सोफ्यावर सासूबाईंच्या शेजारी बसलो होतो. त्या विणत होत्या, नजर टीव्हीवर. त्यांच्या पिशवीतून लोंबणारं लोकरीचं टोक मी बोटाला गुंडाळत होतो, सोडत होतो, परत गुंडाळत होतो. अर्धा तास त्यांनी सहन केलं. मग माझ्याकडे न बघताच पिशवीतून दोन जास्तीच्या सुया काढल्या, त्यांवर वीस टाके घातले आणि माझ्या मांडीवर ठेवल्या.

‘बोटं चालवायचीच आहेत, तर कामाला लावा.’

डाव्या सुईवरच्या टाक्यात उजवी सुई खुपसायची, तिच्या टोकावरून लोकर फिरवायची, ते वेटोळं टाक्यातून बाहेर ओढून आणायचं आणि जुना टाका डाव्या सुईवरून खाली सोडायचा. झाला सुलट टाका. एवढंच. सासूबाई हे सेकंदाला एक या वेगानं करतात. मला पहिल्या वीस टाक्यांना पाऊण तास लागला आणि मानेला घाम आला. माझे टाके सुईला असे आवळून बसायचे की पुढच्या ओळीला सुईचं टोक आत शिरायलाच तयार नसायचं. ‘सुईचा गळा दाबू नका,’ सासूबाई म्हणाल्या, ‘ती कुठे पळून जात नाही.’

उलट टाक्यानं मला आठवडाभर छळलं. लोकर पुढे घ्यायची विसरायचो, मग मधेच आगाऊचा टाका तयार व्हायचा, वीसाचे तेवीस, तेवीसाचे सव्वीस. ऑफिसात ताळेबंदात फरक निघाला तर तो शोधायला निदान कागदपत्रं असतात. इथे टाके कुठून आले, कोणी आणले, कसली पावती नाही. शेवटी सासूबाईंनी माझ्या हातातली पट्टी उलटी करून दाखवली. सुलट टाक्याची पाठ म्हणजेच उलट टाका. निराळं काही शिकायचंच नव्हतं, तोच टाका पलीकडच्या बाजूनं घालायचा होता. हे त्यांनी आठ दिवस आधी सांगितलं असतं तर? विचारलं. ‘तुम्हाला कळेपर्यंत थांबले,’ म्हणाल्या.

ही त्यांची शिकवायची पद्धत आहे. माझा पहिला मफलर घ्या. मी ४० टाके घातले, एक ओळ सुलट, एक ओळ उलट, असा तीन आठवडे विणत सुटलो. दिसायला गुळगुळीत, एकसारखा, अगदी विकतचा वाटावा असा. फक्त तो सारखा गुंडाळला जायचा. हातानं सरळ करा, सोडा, परत नळी. मला वाटलं पूर्ण झाला की येईल ठिकाणावर. दीड मीटरचा मफलर पुरा झाला, सुईवरून उतरवला आणि तो जमिनीवर निळ्या पाइपासारखा गोल होऊन पडला. थोरल्यानं त्यातून पेन्सिल घालून दुसऱ्या बाजूनं काढली.

कारण साधं आहे. सगळे सुलट टाके एका अंगाला आणि सगळे उलट टाके दुसऱ्या अंगाला आले की प्रत्येक टाक्याची ओढ एकाच दिशेला लागते. बाजूच्या कडा मागे वळतात, वरखालच्या पुढे वळतात. दोन्ही बाजूंनी सुलटच विणलं, किंवा एक सुलट एक उलट अशी वीण घेतली, की ओढ दोन्हीकडे वाटली जाते आणि पट्टी सपाट राहते. हे सासूबाईंना पहिल्या दिवसापासून दिसत होतं. तीन आठवडे शेजारी बसून त्या बघत होत्या.

‘आधी सांगायचंत ना!’

‘विचारलंत कुठे?’ त्यांनी मफलरची नळी दोन बोटांनी उचलली, जरा वेळ लोंबू दिली. ‘उसवा.’

विणायला तीन आठवडे लागलेली गोष्ट उसवायला वीस मिनिटं पुरतात. टोक ओढलं की ओळ सरसर सुटते, एक बारीक टरर्र आवाज येत राहतो, मधेच एखाद्या कुसाशी अडखळतो, परत सुटतो. पहिल्यांदा मला रडू यायचं बाकी होतं. दुसऱ्यांदा तितकंसं वाईट वाटलं नाही. आता खरं सांगायचं तर तो आवाज मला आवडतो. बायकोला हे कळल्यापासून ती स्वतःचे स्वेटर माझ्या नजरेसमोर ठेवत नाही.

उसवलेली लोकर सरळ नसते. तिला प्रत्येक टाक्याची आठवण असते, नूडल्ससारखी कुरळी होऊन बसते, आणि तशीच परत विणली तर टाके वेडेवाकडे येतात. तिचा इलाज सासूबाईंकडे आहे. खुर्ची उलटी करून तिच्या चार पायांभोवती लोकर गुंडाळत जायची, चार ठिकाणी सैल दोऱ्यानं बांधायची, लडी उतरवून कोमट पाण्यात बुडवायची, हलकेच पिळून, खाली थोडं वजन लावून वाळत टाकायची. दुसऱ्या दिवशी लोकर सगळं विसरलेली असते. एकदा माझा भाऊ न सांगता आला, हात धुवायला बाथरूममध्ये गेला आणि तसाच बाहेर आला. आत दांडीला सहा ओल्या निळ्या जटा लटकत होत्या, प्रत्येकीच्या खाली एक शाम्पूची बाटली बांधलेली. ‘तुझं सगळं ठीक आहे ना?’ त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं. वहिनीला वेगळं विचारलं.

पुरुषानं विणण्याबद्दल लोक काय म्हणतात, हे मला फार विचारलं जातं. ऑफिसातले पहिले दोन महिने बोलले, मग त्यांना कानटोप्या मिळाल्या. धाकटीनं मला २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमधला टॉम डेलीचा फोटो दाखवला. ब्रिटनचा हा पाणबुड्या, म्हणजे उंचावरून पाण्यात सूर मारणारा खेळाडू, सुवर्णपदक जिंकून प्रेक्षकांत शांतपणे विणत बसला होता. पदकाला ओरखडा पडू नये म्हणून त्यानं त्यासाठी छोटी पिशवीसुद्धा विणली होती. ‘बघ बाबा, तुझ्यासारखाच,’ ती म्हणाली, मग फोटोकडे आणि माझ्या पोटाकडे आळीपाळीनं बघून, ‘म्हणजे विणण्यापुरतं.’

त्यामुळे मी जरा वाचायला लागलो. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातल्या कित्येक शहरांत हातविणकाम हा पुरुषांच्या संघांचा धंदा होता. पोरगा आधी उस्तादाकडे काही वर्षं उमेदवारी करायचा, मग गावोगाव फिरून शिकायचा, असा सहा वर्षांचा काळ जायचा. त्यानंतर परीक्षा, आणि परीक्षेत टोपी, अंगरखा, मोजे आणि वर रंगीत नक्षीचा एक विणलेला गालिचा. हे मी सासूबाईंना मोठ्या अभिमानानं वाचून दाखवलं. तेव्हा माझी दोन वर्षं झाली होती.

‘म्हणजे तुमची अजून चार बाकी आहेत,’ त्या म्हणाल्या.

उलट टाक्याबद्दलही वाचलं. सुलट विणकाम त्याहून फार जुनं. इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. पण गोल विणलं की सुलट बाजू कायम तुमच्या समोरच राहते, त्यामुळे उलट टाक्याची गरजच पडत नाही. उलट टाक्याच्या जुन्यातल्या जुन्या पुराव्यांपैकी एक म्हणजे फ्लॉरेन्सची डचेस एलेओनोरा हिच्यासोबत १५६२ साली पुरलेले रेशमी मोजे. म्हणजे माणूस शेकडो वर्षं सुलटच विणत होता आणि त्याचं काही अडत नव्हतं. मी म्हटलं, बघा, मला एक आठवडा लागला तर एवढं काय! यावर सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. सुईनं पाठ खाजवली.

आता मोजण्याबद्दल. विणणारा माणूस सारखा मोजत असतो आणि मी तर आधीपासूनच मोजत होतो. मोजताना कोणी बोललं की आकडा जातो, म्हणून मी एक युक्ती काढली. कोणी काही विचारलं तर तोंड न उघडता ‘हूं’ करायचं. आकडा शाबूत राहतो आणि समोरच्याचाही मान राहतो. ही युक्ती धाकटीच्या लक्षात यायला दीड दिवस लागला. ती मी मोजायला लागेपर्यंत दाराआड थांबते, असं मला फार उशिरा कळलं. ‘बाबा, मैत्रिणीकडे राहायला जाऊ?’ एकशे चार, एकशे पाच, हूं. ‘बाबा, माझ्या खोलीची एक भिंत काळी रंगवू?’ एकशे एकतीस, हूं. भिंत काळी आहे. चांगली दिसते, पण तो मुद्दा नाही. बायकोनं त्यानंतर नियम केला की सुई हातात असताना दिलेली कुठलीही परवानगी रद्दबातल. धाकटी म्हणाली, मग बाबांची परवानगी घ्यायची कधी? यावर घरात बरीच चर्चा झाली, मी मोजे विणत ती ऐकली.

आकडा जाऊ नये म्हणून दर वीस टाक्यांनंतर सुईवर एक कडी अडकवतात, खूण म्हणून. मी त्या दिवशी हाताला लागेल ते घेतलं. सेफ्टी पिना संपल्या तेव्हा ड्रेसिंग टेबलवरची बायकोची रिंगांची कानातली दिसली. गोल, हलकी, सुईवर अगदी चपखल बसणारी. चार महिन्यांनी एका लग्नाला निघताना तिला एकाच कानातलं सापडलं. कपाट उपसलं, पर्स झटकल्या, मोलकरणीपर्यंत जाऊ नये एवढं भान राखलं, आणि मग दाराशी बूट घालताना तिनं माझ्या खांद्याकडे बघितलं. मी नुकताच शिवून झालेला स्वेटर घातला होता. डाव्या खांद्याच्या शिवणीत, आतल्या बाजूनं, काहीतरी चमकत होतं. त्या लग्नाला ती बिनकानातल्यांची आली. मी खांदा उसवून रिंग काढून दिली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘निदान हरवली नाही.’ माझ्या बाजूनं त्या बोलल्याचा हा एकमेव लेखी पुरावा.

तो स्वेटर म्हणजे माझा निळा स्वेटर. त्याची हकिगत जरा सविस्तर सांगायला हवी.

इंटरनेटवर एक नमुना आवडला. बारा गुंडे लोकर घेतली, प्रत्येक गुंडा ५० ग्रॅमचा, वर लिहिलेलं १०० मीटर. म्हणजे एकूण १२०० मीटर लोकर. (‘तू सकाळी एवढं तरी चालतोस का?’ बायको.) नमुन्यात लिहिलं होतं, सुया आठ नंबर, १० सेंटिमीटरला १८ टाके, छाती १०८ सेंटिमीटर. सासूबाईंच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या सुया आहेत, प्रत्येकीच्या बोंडावर नंबर ठोकलेला. मी आठ नंबरची जोडी काढली आणि १९४ टाक्यांचा हिशेब करून निम्मे पाठीला, निम्मे पुढच्या भागाला घातले. आधी लहानसा चौकोन विणून मोजून बघा, असं नमुन्यात ठळक अक्षरांत होतं. मी ताळेबंदाच्या तळटीपा सोडून जगातली कुठलीही तळटीप वाचत नाही.

अडीच महिन्यांनी सगळे भाग जोडले. स्वेटर डोक्यातून आत गेला, खांद्यांपर्यंत आला आणि तिथे थांबला. हात वर, डोकं आत, अशा अवस्थेत मी दिवाणखान्यात उभा होतो आणि मला फक्त हसण्याचे आवाज येत होते. बाहेर काढल्यावर मोजलं, छाती ८८ सेंटिमीटर.

भानगड नंबरांची निघाली. सासूबाईंच्या सुया जुन्या ब्रिटिश मापाच्या. त्या मापात आकडा मोठा तशी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन. नमुना होता अमेरिकन, आणि त्यांच्याकडे नेमकं उलटं, आकडा मोठा तशी सुई जाड. त्यांचा आठ नंबर ५ मिलिमीटरचा. बारीक सुईवर टाके बारीक आले, १० सेंटिमीटरला १८ ऐवजी २२. दर दहा सेंटिमीटरला चारच टाक्यांचा फरक, पण १९४ टाक्यांवर तो २० सेंटिमीटर झाला. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की छोटा फरक सोडू नका, तो वर्षअखेरीला मोठा होतो. त्यामुळे हे घरात कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती. तरी दाखवलं.

सासूबाईंनी आठ नंबरची सुई उजेडात धरून बघितली. त्यांना अमेरिकन मापाबद्दल काही माहीत नव्हतं, एवढं मी नक्की सांगू शकतो. या वेळी त्यांनी मुद्दाम थांबू दिलं नव्हतं. ‘उसवा,’ म्हणाल्या, पण नेहमीपेक्षा मऊ.

उसवला. जटा बांधल्या. ५ मिलिमीटरच्या सुया आणल्या. (कोणी विणायला लागणार असेल तर माझा एवढाच सल्ला आहे. नंबर कोणी सांगितला तर मान डोलवा आणि मिलिमीटर बघा.) पुढचा भाग मार्च महिन्यात विणला, पाठ मे मध्ये. दोन्ही ९७ टाक्यांचे, त्याच लोकरीचे, त्याच सुयांवरचे. एकावर एक ठेवले तर पुढचा भाग चार सेंटिमीटर अरुंद. मार्चअखेर म्हणजे आमच्या धंद्यातले सुगीचे दिवस. रात्री दहाला घरी येऊन जे विणलं ते दात-ओठ खाऊन विणलेलं होतं. मेमध्ये मी आरामात होतो, टाकेही आरामात होते. सासूबाई मार्चचा भाग हातात घेऊन म्हणाल्या, ‘हे विणताना तुम्ही कोणावर चिडला होतात?’ मी नाव सांगितलं. त्या एका अशिलाच्या नावानं पुढचा भाग उसवला.

बाह्यांच्या वेळी लोकर कमी पडली. तेरावा गुंडा आणला, रंगाचा नंबर तोच. पण वेष्टणावर आणखी एक आकडा असतो, लॉटचा, कारण लोकर घाण्याघाण्यानं रंगवतात आणि दर घाण्याची छटा किंचित वेगळी उतरते. दिव्याखाली मला काही दिसलं नाही. सकाळच्या उजेडात डावी बाही कोपरापासून मनगटापर्यंत जराशी हिरवट दिसायला लागली. सासूबाईंनी बाही खिडकीशी नेली, बघितली, माझ्याकडे बघितलं. मी आधीच टोक शोधायला लागलो होतो. ‘राहू द्या,’ त्या म्हणाल्या. ‘हात घडी घालून बसत जा.’

दीड वर्षं मी तो स्वेटर घातला. घडी घालून बसलो.

मग माझा वाढदिवस आला. थोरला तेव्हा तेरा वर्षांचा, हातात पैसे नाहीत, पण मनात काहीतरी करायचं. बाबांचा लाडका स्वेटर स्वच्छ धुऊन, इस्त्री करून द्यायचा असं त्यानं ठरवलं. स्वच्छ म्हणजे एकदम स्वच्छ, म्हणून मशीनमध्ये ६० अंशांवर, टॉवेलांबरोबर, भरपूर पावडर टाकून, दोन तास.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, माशासारखे. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत रुतत जातात आणि मग निघत नाहीत. स्वेटरचा नमदा होतो. मशीनचं दार उघडून त्यानं बाहेर काढलं ते निळं, जाड, ताठ असं काहीतरी होतं, साधारण एका मोठ्या बाहुलीला बसेल एवढं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहीत नाही. तो आता सोळा वर्षांचा आहे, हे वाचेल.

मी म्हटलं, अरे काही नाही, आजी म्हणेल उसवा, उसवू आणि परत विणू, त्यात काय! सासूबाईंनी तो हातात घेतला. बगलेतली शिवण शोधली, नखानं एक टोक मोकळं करून ओढलं. आलं नाही. दुसरीकडून ओढलं. सुईनं टोकरलं. टाके दिसत होते पण ते आता टाके राहिले नव्हते, पुठ्ठ्यावर काढलेल्या चित्रासारखे नुसते दिसत होते.

‘उसवत नाही हो हे,’ त्या म्हणाल्या. सहा वर्षांत त्यांना अडलेलं मी तेवढंच बघितलं.

मग त्यांनी कात्री मागितली. विणलेल्या कापडाला कात्री लावली की सगळं सुटून हातात येतं, म्हणून आमच्या घरात स्वेटर आणि कात्री यांची गाठ कधी पडत नाही. पण नमद्याचा धागा सुटत नाही. त्यांनी बाह्या कापल्या, बाजू कापल्या, दोन गोल काढले आणि थोरल्याकडूनच जाड दोऱ्यानं एकमेकांवर शिवून घेतले. त्याचं आसन झालं. ते माझ्या खुर्चीसाठी होतं. पहिल्या रात्रीच बोका त्यावर जाऊन झोपला आणि तेव्हापासून ते त्याचं आहे. हिरवट बाहीच्या तुकड्याचं चष्म्याचं घर झालं, ते सासूबाई वापरतात.

त्या चष्म्याचाही आता फार उपयोग होत नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात. तोपर्यंत विणू नका असं कोणी त्यांना सांगितलेलं नाही, कारण सांगणार कोण? त्या बोटांनी विणतात. सध्या बायकोसाठी बिनबाह्यांचा स्वेटर चाललाय, समोर वेणीची नक्षी. सहा टाक्यांची वेणी, दर आठ ओळींनी पहिले तीन टाके तिसऱ्या छोट्या सुईवर घेऊन पुढे धरायचे, पुढचे तीन आधी विणायचे, मग धरलेले तीन. पुढे धरलं तर पीळ एका बाजूला पडतो, चुकून मागे धरलं तर उलट बाजूला.

मागच्या शनिवारी त्यांनी विणकाम माझ्याकडे दिलं. ‘मोजा हो जरा, चौऱ्याऐंशी आहेत का बघा.’

मी मोजले. चौऱ्याऐंशी होते. आणि मधल्या वेणीत, २४ ओळी खाली, एक पीळ उलटा पडला होता.

मी काही बोललो नाही. लेखापरीक्षणात याला काय म्हणतात ते मला पक्कं माहीत आहे. ‘बरोबर आहेत,’ म्हटलं आणि परत दिलं. त्यांनी घेतलं, अंगठा वेणीवरून वरपासून खाली सावकाश फिरवत नेला, आणि तो त्या जागेवर आला तेव्हा थांबला.

‘दिसलं होतं ना तुम्हाला?’

‘...हो.’

‘मग?’

‘कोणाच्या लक्षात येणार आहे, आई.’

‘तुमच्या आलं.’ सुया बाहेर काढायला त्यांनी हात घातला. २४ ओळी, ८४ टाक्यांच्या. दोन हजारांवर टाके. आणि त्यांना आता एका ओळीला वीस मिनिटं लागतात.

मी त्यांचा हात धरला. म्हणजे खरोखर मनगट धरलं, लग्नानंतर पहिल्यांदाच. म्हटलं, उसवायचं नाही. त्या सहाच टाक्यांपुरतं खाली जाऊ. बाकीचे जागेवर राहतील. २४ ओळींचे फक्त सहा टाके, १४४ होतात. ते सोडून क्रोशाच्या सुईनं एकेक परत वर आणतो.

‘येतं तुम्हाला?’

‘नाही. तुम्ही सांगा.’

मग आम्ही दोघं खिडकीशी बसलो. मी सहा टाके सुईवरून सोडले, ते शिडीसारखे खाली धावत गेले, पायऱ्या-पायऱ्यांचा धागा मोकळा झाला. चुकलेल्या पिळापाशी त्यांना थांबवलं. तीन मागचे पुढे घेतले. सासूबाई दोन्ही अंगठ्यांनी दोन बाजू ताणून धरून होत्या आणि मी एकेक पायरी क्रोशात अडकवून वर ओढत होतो. त्या ओळी मोजत होत्या, मी टाके. ‘खालून घ्या. त्याच्या मागची नाही, वरची पायरी. हां. सोळा.’ माझ्या मानेला पहिल्या दिवसासारखा घाम आला होता. सतरा. अठरा. एक टाका पिळला गेला, परत सोडला, परत घेतला.

एकोणिसाव्या ओळीला दारात धाकटी आली. तिनं काहीतरी विचारलं.

‘हूं,’ मी म्हटलं.

‘हूं,’ आजीही म्हणाली.

सुई माझ्या हातात होती, त्यामुळे नियमाप्रमाणे माझी परवानगी रद्दबातल. पण आजीच्या हातात सुई नव्हती, तिनं नुसतं कापड धरलं होतं, हा धाकटीचा मुद्दा बायकोलाही खोडता आला नाही. मांजराचं पिल्लू मंगळवारी आलं. बोका निळ्या आसनावरून उठायला तयार नाही, म्हणून सासूबाईंनी त्याच्यासाठी वीस टाके घातलेत.